विरोधाची पावती

गावात त्याला सगळे वस्तारा म्हणत. धंदा केस कापायचा होता म्हणून नव्हे. केस कापणारे गावात आणखी चौघे होते आणि त्यांना कुणी वस्तारा म्हणत नव्हतं. हा मान त्याच्या जिभेचा होता. उचलली जीभ लावली टाळ्याला हा त्याचा स्वभाव, आणि ती नेमकी समोरच्याच्या दुखऱ्या जागी लागायची ही त्याची कला.

चौकातलं दुकान बापाच्या वेळचं. आत एक खुर्ची, एक आरसा आणि खुर्चीभोवती त्याला एकट्याला फिरता येईल एवढी जागा. दुसरं गिऱ्हाईक आत आलं की पहिल्याला पाय आखडून घ्यावे लागत. म्हणून बाहेर पदपथावर एक लांबलचक लाकडी बाक होता. तो कुणी आणून ठेवला हे कुणालाच आठवत नव्हतं. लोक नंबर लावून तिथे बसत, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्यांचा नंबर कधी येतच नसे, कारण त्यांना केस कापायचेच नसत. वस्तारा आतून कात्री चालवता चालवता बोलायचा आणि बाहेर बाक हसायचा. निवृत्त पोस्टमन आणि वस्ताऱ्याचा मेहुणा, ज्याला सगळं गाव मामा म्हणे, हे दोघे तर बाकाला खिळ्यांसारखे होते.

हल्ली कोपऱ्यावर एक नवं सलून झालं होतं. काचेचं दार, थंड हवा, वाट बघायला मऊ सोफा. तरी लोक वस्ताऱ्याकडे येत होते ते बाकासाठी आणि बाकावरच्या गप्पांसाठी. बाक गेला तर दुकान गेलं. हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि आपल्याला हे माहीत आहे हे तो कुणाला कळू देत नव्हता.

अशात एके सकाळी ‘चव्हाटा’वर नगराध्यक्षांचं निवेदन आलं: पदपथ मोकळे करायच्या कामात चौकातल्या सलूनसमोरचा बाक काढण्याचा प्रस्ताव आहे. महिनाअखेरच्या बैठकीत निर्णय होईल. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तो इथेच मांडावा.

‘चव्हाटा’ म्हणजे गावाचा ब्लॉग. तो चालवायच्या बाई. बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या गावाचे कान त्यांनी पिळलेले आणि उरलेल्या अर्ध्याच्या आईबापांचे. सुरुवातीला ब्लॉगवर कुणीही काहीही लिहायचं. पण एकदा गटाराच्या उतारावरून सुरू झालेली चर्चा तिसऱ्या प्रतिक्रियेला कुणाच्या तरी आत्याच्या चारित्र्यावर गेली, तेव्हा बाईंनी नियम घातला. ज्याला विरोध करायचा त्याने आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायचं. समोरच्याने ‘होय, मला हेच म्हणायचं होतं’ असं लिहिलं की झालं. मग खुशाल विरोध करा. त्या ‘होय’ला गावाने पावती हे नाव दिलं. पावतीशिवाय विरोध केला की बाई खोडून टाकत, टोपणनाव वापरलं की खोडून टाकत, आणि सलग तीन उद्गारचिन्हं दिसली तरी खोडून टाकत.

नियम गुणाचा निघाला. पावती मिळवता मिळवता निम्मी भांडणं वाटेतच मरत. पाण्याच्या वेळेवरून वर्षानुवर्षं हाडवैर असलेल्या दोन दुकानदारांना एकमेकांचं म्हणणं लिहून काढल्यावर कळलं, की आपण दोघे एकच वेळ मागतोय. त्यानंतर ते भांडायला दुसरा विषय शोधत फिरत होते.

वस्ताऱ्याने मात्र ‘चव्हाटा’वर आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. “मला काय गरज?” तो म्हणायचा. “माझा चव्हाटा दारात आहे.”

आता गरज पडली. दुपारी जेवायला घरी आला तोच बायकोला म्हणाला, “मशीन थांबव आणि फोन घे. लिही.” बायको घरी शिवणकाम करायची. तिची बोटं फोनवर झरझर चालत. याचा अंगठा एका वेळी तीन अक्षरं दाबायचा. तिने तोंडातला दोरा काढला आणि फोन घेतला.

“लिही. नगराध्यक्षांचं म्हणणं असं, की माझ्या डोक्यात जे शिरेल ते गावाच्या डोक्यावर मारीन.”

“हे त्यांचं म्हणणं आहे?”

“मनातलं.”

तिने लिहिलं. चहाचं आधण उकळायच्या आत बाईंनी ते खोडलं. खाली टीप टाकली: दुसऱ्याचं म्हणणं मांडताना आपलं तोंड बंद ठेवावं.

दुसऱ्या खेपेला बायकोने जरा वळण लावलं. नगराध्यक्ष म्हणतात की पदपथ चालणाऱ्यांचा आहे, बाकामुळे लोकांना रस्त्यावर उतरावं लागतं, आणि मागून गाडी आली तर पंचाईत होते. बाईंनी पास केलं. बाकावर सगळे डोकी जोडून फोनकडे बघत बसले. उत्तर आलं: ‘आपण माझं म्हणणं समजून घेत आहात याबद्दल आभारी आहे. पण नाही, एवढंच नाही.’

“एवढंच नाही म्हणजे?” वस्तारा कात्री हवेत धरून म्हणाला. “आणखी काय आहे त्याच्या पोटात?”

मग सुरू झालं. वस्ताऱ्याने म्हाताऱ्यांच्या काठ्या घातल्या, नगराध्यक्ष म्हणाले, नाही. लहान मुलांच्या बाबागाड्या घातल्या, नाही. बाकाखाली झोपणारी कुत्री, सांडपाणी, शहराची शोभा, सगळं घातलं. प्रत्येक वेळी तेच गोड उत्तर: ‘फार छान मांडलंत. पण नाही.’ पोस्टमनने प्रयत्न केला, त्यालाही नाही. औषधवाल्यालाही नाही. पावती कुणालाच मिळेना, आणि पावती नाही म्हणजे विरोध नाही. अख्ख्या ब्लॉगवर बाकाच्या विरोधकांचं म्हणणं ओळीने साजूक भाषेत मांडलेलं, आणि बाकाच्या बाजूने अक्षर नाही.

“चाल आहे ही,” मामा म्हणाला. “बाईंच्या नियमाने तुझं तोंड बांधलं त्याने. महिना संपेपर्यंत नाही-नाही करत बसणार, आणि बैठकीत सांगणार की बघा, एकही विरोध आला नाही.”

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आणि त्याहून वाईट पुढेच होतं. वस्तारा जे करतो ते मन लावून करतो. त्याने मांडलेलं नगराध्यक्षांचं म्हणणं दरवेळी आधीपेक्षा सरस उतरायला लागलं. एक दिवस खुर्चीत बसलेलं जुनं गिऱ्हाईक मानेवर साबण असतानाच म्हणालं, “तुझं कालचं वाचलं रे. खरं सांगू? पटलं. काढायलाच पाहिजे हा बाक.” कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! वस्ताऱ्याने त्याची हजामत गप्प राहून केली. असं आजवर झालं नव्हतं, त्यामुळे गिऱ्हाईक घाबरून सारखं आरशात बघत होतं.

शेवटी तो बाईंच्या घरी गेला. बाई अंगणात कुंड्यांना पाणी घालत होत्या.

“बाई, तो पावती देत नाही. लबाडी करतोय.”

“तो नाही. ते.”

“ते लबाडी करतायत.”

“कशावरून?” बाईंनी झारी खाली ठेवली. “तू लिहिलेलं सगळं मी वाचलंय. भाषा सुधारली तुझी, शाळेत असतास तर पाठीवर थाप दिली असती. पण तू सगळं तुझ्या दुकानातून बघून लिहितोस. त्यांच्या जागी उभा राहून बघितलंस का कधी?”

आता बाई हे बोलण्याच्या ओघात म्हणाल्या होत्या. दुसरा कुणी असता तर मान हलवून घरी गेला असता. पण बाईंनी सांगितलं की ते पाढ्यासारखं घ्यायचं, ही त्या गावातल्या सगळ्यांची लहानपणची सवय. सोमवारी दुकान बंद असतं. सकाळी कचेरीच्या वेळेला वस्तारा नगराध्यक्षांच्या फाटकासमोर जाऊन खरोखरच उभा राहिला, आणि तिथून नगरपालिकेच्या दिशेने चालायला लागला.

सुरुवातीला काही वाटलं नाही. बेकरी, छापखाना, दवाखाना. कोपरा वळला आणि समोर त्याचा चौक आला. दुकान बंद असलं तरी बाक भरलेला होता. बाकाला सोमवार नसतो. या बाजूने आपल्या बाकाकडे त्याने आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. लांबून दिसत होती ती एका रांगेत बसलेली सहा तोंडं, आणि सगळी रस्त्याकडे.

तोंडांनी त्याला ओळखलं. गप्पा थांबल्या. मामाने पोस्टमनला कोपर मारलं. आपलीच माणसं, पण त्या शांततेतून चालत जाताना वस्ताऱ्याला एकाएकी आपल्या हातांचं काय करावं ते कळेना. खिशात घातले तर ऐट वाटली, बाहेर काढले तर ते नुसतेच लोंबायला लागले. चप्पल इतका आवाज करते हे आजवर लक्षातच आलं नव्हतं.

“काय बोथटराव!” मामा ओरडला. “निघालात का कचेरीला?”

तो हसला, थांबला मात्र नाही. बाईंचा अभ्यास पुरा करायचा होता. चार पावलं पुढे गेला तोच पाठीमागे बाक हसत सुटला. हसणं दुसऱ्याच कशाचं असेल, त्याचं नसेलही. पण ते पाठीत लागलं. तिथे, मणक्याच्या बाजूला, जिथे हात पोचत नाही.

नगराध्यक्षांचं बोथटराव हे नाव त्याचंच देणं होतं. सार्वजनिक शौचालयाचं उद्घाटन होतं, आणि नगराध्यक्षांना दिलेल्या कात्रीने फीत काही कापली जाईना. त्यांनी दोन्ही हातांनी कात्री दाबली, फीत नुसती चावली गेली, आणि शेवटी त्यांनी ती ओढून तोडली. दुसऱ्या दिवशी वस्तारा आतून म्हणाला, “कात्रीचा काय दोष? हात लागेल ती वस्तू बोथट होते त्या माणसाची.” बाक डोळे पुसेपर्यंत हसला. संध्याकाळपर्यंत नाव गावभर झालं. त्याला स्वतःला ते फार आवडलं होतं.

तो नगरपालिकेपाशी पोचला तेव्हा त्याला नगराध्यक्ष दिसले. ते चौकातून आलेच नव्हते. कोळशाच्या वखारीमागच्या बोळातून येत होते. बोळाच्या तोंडाशी उघडं गटार होतं. पन्नाशी कधीच उलटलेल्या त्या जाडजूड माणसाने एका हाताने बॅग छातीशी धरली, दुसऱ्या हाताने पँट वर खेचली आणि एक उडी मारली. उडी जराशी आखूड पडली. मग ते कचेरीच्या पायरीवर बूट घासत उभे राहिले. त्यांच्या घासण्यात सराव दिसत होता. पायरीचा तेवढाच कोपरा काळा पडला होता.

वस्तारा झाडाआड सरकला. का सरकला हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

दुपारी तो बायकोला म्हणाला, “लिही.” तो पुढचं मनात जुळवेपर्यंत तिने मशीनवर एक शिलाई पुरी करून घेतली.

“लिही. नगराध्यक्षांचं म्हणणं असं. मला रोज त्या बाकासमोरून जावं लागतं. मी आलो की सगळे गप्प होतात आणि पुढे गेलो की हसतात. हात कुठे ठेवावे कळत नाही. मला तिथे एक नाव ठेवलेलं आहे. ते मला सलूनवाल्याने दिलं. म्हणून मी मागच्या बोळाने गटारावरून उडी मारून कामावर जातो. गावाचा अध्यक्ष असून. पदपथाचं मला फारसं काही नाही. मला माझ्या गावात पुढच्या रस्त्याने चालायचं आहे.”

बायकोचं बोट थांबलं होतं. “हे टाकायचं? सगळ्या गावासमोर? त्यांना काय वाटेल?”

“तेच तर. काय वाटतं तेच लिहिलंय.”

“आणि खोटं असेल तर?”

“तर नाही म्हणतील. नाही म्हणायची सवय आहे त्यांना.” पण हे बोलताना त्याला नेहमीची मजा येत नव्हती. आपण एका माणसाला पुन्हा एकदा चौकात उभं करतोय का, ही शंका त्याला खरोखर टोचत होती. बायकोने त्याच्याकडे बघितलं, एक शब्द कुठेतरी मऊ केला आणि पाठवून दिलं.

बाईंनी ते खोडलं नाही.

दुपार गेली. एरवी ‘फार छान मांडलंत, पण नाही’ हे पाच मिनिटांत यायचं. ब्लॉगवर एकही प्रतिक्रिया नाही; गावाने एवढा वेळ तोंड बंद ठेवल्याची दुसरी नोंद नसेल. ऊन उतरलं तेव्हा फोन वाजला आणि बायकोने वाचून दाखवलं.

‘होय, मला हेच म्हणायचं होतं. एक राहिलं, ते आपल्याला माहीत असणं शक्य नव्हतं. गेल्या महिन्यात माझ्या नातीने विचारलं, आजोबा, बोथट म्हणजे काय? शाळेत मुलं तिला बोथटची नात म्हणतात.’

वस्तारा खाली बसला. मुलांचं त्याच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. बाकावर मुलं नसतात ना!

“पावती मिळाली,” बायको म्हणाली. “आता कर विरोध. महिनाभर पाठ करतोयस.”

पाठ तर झालंच होतं. त्यात बोथट कारभार होता, गटाराची आश्वासनं होती, शेवटी एक असा टोला होता की बाक महिनाभर तोच तोच सांगून हसला असता. तो आठवून बघितला तर हसू आलं नाही. सार्वजनिक बाबतीत वस्ताऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणजे नेमकं काय करतात हे ठाऊक नसल्यामुळे तो भिंतीकडे बघत राहिला.

“लिही,” तो म्हणाला. “विरोध आहे. बाक राहू द्यावा.”

“कारण?”

“कारण नको. कारण सांगायला गेलो तर मी पुन्हा बोलेन.”

तिने तेवढंच पाठवलं. पण नियम दोन्हीकडून असतो. आता नगराध्यक्षांना उत्तर द्यायचं तर त्यांनी आधी वस्ताऱ्याचं म्हणणं मांडायला हवं होतं, आणि याने तर कारणच सांगितलेलं नव्हतं. गाव पुन्हा फोनला चिकटलं. नाही-नाही म्हणायची पाळी आता वस्ताऱ्याची, बघू किती दिवस झुलवतो, अशा पैजा बाकावर लागल्या. मामाने तर त्याला अकरा तऱ्हेचे नकार सुचवले.

नगराध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत लिहिलं.

‘सलूनवाल्यांचं म्हणणं असं. माझ्या दुकानात एकच खुर्ची आहे. कोपऱ्यावर नवं सलून झालंय, तिथले माझ्यापेक्षा वाईट कापत नाहीत. लोक माझ्याकडे केसांसाठी येत नाहीत, मी हसवतो म्हणून येतात. बाक गेला तर मी आरशासमोर एकटा उभा राहीन. रोज कुणाला तरी हसवावं लागतं, नाहीतर उद्या बाक रिकामा दिसेल, ही भीती मला सकाळी कुलूप उघडताना वाटते. कुणावर हसवायचं हे निवडायला मला वेळ नसतो.’

बायकोने वाचलं आणि फोन मांडीवर ठेवला. ती त्याच्याकडे बघत नव्हती. सुईत दोरा ओवत होती, दोरा आधीच ओवलेला असताना.

“तू सांगितलंस त्यांना?” त्याने विचारलं.

“मला तरी तू कधी सांगितलंयस?”

खरंच होतं. कुलूप उघडतानाची ती गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती. ‘माझ्यापेक्षा वाईट कापत नाहीत’ हे वाक्य तर त्याने स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. एकदा वाटलं, नाही म्हणावं. फार छान मांडलंत, पण नाही. बोलायला सोपं होतं आणि बाक खूश झाला असता.

“लिही,” तो म्हणाला. “होय.”

“एवढंच?”

“आणि ते पुढचं. मला हेच म्हणायचं होतं.”

आता विरोधाचा हक्क नगराध्यक्षांकडे गेला होता. त्यांनी तो वापरला नाही. महिनाअखेरच्या बैठकीत बाकाचा विषय निघाला तेव्हा ते एवढंच म्हणाले, की माझी अडचण बाकाची नव्हती, आणि पुढचा विषय गटाराचा आहे.

त्या आठवड्यात एका सकाळी दुकान चालू असताना बाहेरच्या गप्पा एकदम थांबल्या. कशामुळे थांबल्या हे वस्ताऱ्याला मान न वळवताही कळलं. नगराध्यक्ष पुढच्या रस्त्याने येत होते. सहा तोंडं एका रांगेत त्यांच्याकडे बघत होती. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण चांगलं काय करतात, ते बाकाला कुणी शिकवलेलं नव्हतं. नगराध्यक्षांचा एक हात खिशात गेला, बाहेर आला, पुन्हा गेला.

वस्तारा कात्री घेऊनच दारात आला. इथे बाई नव्हत्या. काय बोलायचं ते मऊ करून द्यायला बायको नव्हती. सगळा बाक आता त्याच्या तोंडाकडे बघायला लागला.

“या साहेब,” तो म्हणाला. “केस वाढलेत तुमचे. पण दोघं आहेत तुमच्या पुढे, बसावं लागेल.”

“बसतो की,” नगराध्यक्ष म्हणाले.

मामा सरकला. बाक करकरला. नगराध्यक्ष बसले, आणि त्यांच्या हातांची अडचण अजून तशीच आहे हे बघून पोस्टमनने आपल्या वर्तमानपत्राची मधली पानं काढून त्यांच्याकडे दिली.